त्या बारा जणींची नावं काय होती?

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाली की तासभर वाचन होतं. बाबासाहेबांचे खंड, फुल्यांचं समग्र वाङ्मय, कधी वर्तमानपत्रातला एखादा लेख. गेल्या पावसाळ्यात आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी ठरवलं, यावेळी ग्रीक पुराणकथा सांगू. आमच्यातल्या दोघा-तिघांनी इंग्रजीतल्या त्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, ज्यांची सध्या लाट आहे. जुनी ग्रीक कथा घ्यायची आणि तिच्यातल्या बाईच्या तोंडून ती पुन्हा सांगायची. आम्हाला वाटलं, पितृसत्ता समजावून सांगायला याहून सोपं काय असणार.

ऐकायला बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बाया घरकाम करणाऱ्या. दिवसभरात चार-चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या. त्यांना आम्ही ओडिसी सांगितली. इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या लढाईला गेला आणि वीस वर्षं परत आलाच नाही. मागे राणी पेनेलोपी, लहान मुलगा, आणि राणीशी लग्न करायला टपलेले एकशे आठ पुरुष, तिच्याच घरात बसून तिचंच खाणारे. सासऱ्याचं कफन विणून झालं की तुमच्यातला एक निवडते, असं सांगून ती दिवसा विणायची आणि रात्री उसवायची. तीन वर्षं तिने असं रेटलं. यावर विहारात हशा पिकला. “हुशार बाई!” असं कुणीतरी म्हणालंच. नवरा वर्षभर सर्सीकडे आणि सात वर्षं कॅलिप्सोकडे राहिला, हे सांगितल्यावर तर आम्हाला पुढे बोलूच देईनात.

मग शेवट सांगितला. ओडिसियस परत येतो, त्या सगळ्या पुरुषांना मारतो. म्हाताऱ्या दासीला बोलावून विचारतो, घरातल्या कोणत्या बाया बिघडल्या? ती सांगते, पन्नास दासी आहेत, त्यातल्या बारा. त्या बारा जणींना आधी प्रेतं उचलून बाहेर न्यायला लावतात, रक्ताने भरलेली मेजं आणि खुर्च्या पुसायला लावतात. काम झालं की अंगणात नेतात. बापाने तलवारीने मारायला सांगितलं होतं; मुलगा टेलिमाकस म्हणतो, असलं स्वच्छ मरण यांना नको. जहाजाचा दोर बांधून तो सगळ्यांना एकाच रांगेत लटकवतो. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, असं होमर सांगतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमाही देतो.

विहार शांत झाला. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “त्या बारा जणींची नावं काय होती?”

आम्ही पुस्तक चाळलं. त्या प्रसंगात एकही नाव नाही. आधीच्या भागात मेलॅन्थो नावाची एक दासी भेटते. राणीने तिला लहानपणापासून वाढवलेली, खेळणी देऊन लाडात ठेवलेली. ती पुढे राणीच्या एका उमेदवाराबरोबर राहते. ती त्या बारांत असावी असा अंदाज करता येतो, इतकंच. बाकीच्या नुसत्या आकड्यात आहेत.

त्या प्रश्नाने आमची पंचाईत केली हे कबूल करायला हवं. आम्ही ‘पितृसत्तेने पेनेलोपीवर केलेला अन्याय’ सांगायची तयारी करून आलो होतो. आमच्या टिपणात त्या बारा जणींसाठी दीड ओळ होती. समाजशास्त्रात एम.ए. करताना बाई ही एकसंध वर्ग नाही, जात-वर्ग-लिंग एकमेकांत गुंतलेलं असतं, हे परीक्षेत दहा-दहा मार्कांना लिहून आलेली माणसं आम्ही! आणि गोष्ट सांगताना राणीच्या खोलीतूनच सांगत होतो.

पेनेलोपीवर अन्याय नाही असं आमचं म्हणणं मुळीच नाही. काव्याच्या पहिल्याच सर्गात ती खाली येऊन गायकाला दुसरं गाणं गायला सांगते, तर मिसरूड फुटलेला पोरगा तिला सर्वांसमोर सुनावतो, आत जा, मागावर बस, बोलणं हे पुरुषांचं काम आहे. आणि ती जाते. मेरी बिअर्ड या अभ्यासिकेने २०१७ साली स्त्रिया आणि सत्तेवर छोटं पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवात याच प्रसंगाने होते. शिवाय बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध ज्यांनी वाचला आहे, त्यांना पेनेलोपीची कोंडी लगेच ओळखू येईल. नवरा नसलेली बाई ही व्यवस्थेला ‘जास्तीची’ वाटते. तिचं काय करायचं? सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही जातीबाहेर लग्न होऊ न देण्यासाठी इथे काढलेली उत्तरं होती. इथाकात जात नव्हती, पण नवरा मेला की जिवंत हे माहीत नसलेली बाई कुणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न होताच. बाप म्हणतो पुन्हा लग्न कर, मुलाला इस्टेट संपायची भीती, आणि अंगणात एकशे आठ जण.

पण त्या घरात राणीच्या खालीही बाया होत्या, आणि त्यांचं शोषण राणीच्या शोषणाची धाकटी आवृत्ती नव्हतं. त्याची घडणच वेगळी होती.

ज्या सर्गात त्यांना फाशी दिलं, त्याच बाविसाव्या सर्गाच्या सुरुवातीला ओडिसियस त्या पुरुषांवर आरोप ठेवतो. त्यातला एक असा, की माझ्या दासींना तुम्ही जबरदस्तीने अंथरुणात ओढलं. जबरदस्तीने! हा आमचा आधुनिक अर्थ नाही, मूळ ग्रीक ओळीत तो शब्द आहे. आधीच्या सर्गांतही दासींना घरभर फरफटत नेल्याचा उल्लेख येतो. म्हणजे मालकाला माहीत आहे. मग त्याच गोष्टीसाठी त्या बायांना फाशी कशी? दासीचं शरीर मालकाच्या मालकीचं मानलं तरच हा हिशेब जुळतो. त्या पुरुषांनी मालकाच्या परवानगीशिवाय त्याची वस्तू वापरली म्हणून ते दोषी, आणि वस्तू वापरली गेली, ‘बाटली’, म्हणून ती टाकून द्यायची. तिला तक्रार करायची जागा कुठेच नाही.

आणि त्या बारांची यादी कोण देतं? युरिक्लिया, स्वतः दासी. ओडिसियसच्या बापाने तिला वीस बैलांच्या किमतीला विकत घेतलं होतं. तो तिला आपल्या अंथरुणात नेत नसे, कारण बायको रागावेल, असं होमर सांगतो. हे मालकाचं सभ्यपण म्हणून सांगितलेलं आहे. हक्क होता, वापरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. या युरिक्लियाने ओडिसियसला पायावरच्या जुन्या जखमेवरून ओळखलं, तेव्हा त्याने तिचा गळा धरला होता, बोललीस तर मारून टाकीन म्हणून. तरी तिथल्या तिथे ती त्याला म्हणते, कोण कोण बिघडल्यात ते मी सांगते तुला. आमच्या बायांनी तिला लगेच ओळखलं. “मुकादमीण आहे ही,” एक जण म्हणाली.

हे सगळं चालू असताना राणी कुठे होती? वर, झोपलेली. अथीना देवीने तिला गाढ झोप दिली होती.

मावशींच्या त्या प्रश्नानंतर आम्ही घरी येऊन ही पुनर्कथनं पुन्हा वाचायला घेतली. मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ (२०१८) वाचताना आधी आम्हीही भारावलो होतो. बेटावर एकटी राहणारी, अंगावर येणाऱ्या खलाशांना डुक्कर करून टाकणारी बाई कुणाला आवडणार नाही? पण सर्सी सूर्यदेवाची मुलगी आहे. तिला मंत्र येतात. ज्या बाईला मंत्र येत नाहीत, तिने खलाशांचं काय करायचं?

पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ (२०१८) याहून कितीतरी खरी. इलियडमध्ये अकिलिस आणि अगमेम्नॉन ज्या बाईवरून भांडतात ती ब्रिसेइस तिथे बोलते, आणि युद्धाच्या छावणीत बाईचं काय होतं ते स्वच्छ सांगते. कादंबरी चांगली आहे, वाचाच. तरी एक गोष्ट आम्हाला खटकत राहिली. ब्रिसेइस आदल्या दिवसापर्यंत राणी होती. युरिपिडीसचं ‘ट्रोजन विमेन’ हे नाटक इसवी सनपूर्व ४१५ मधलं. त्यातही पुढे येऊन दुःख सांगतात त्या राजघराण्यातल्या, हेक्युबा, अँड्रोमाकी, कॅसँड्रा. म्हणजे जवळजवळ अडीच हजार वर्षं आपल्याला गुलामगिरीचं दुःख ऐकू येतं ते राणी गुलाम झाली तेव्हा. त्या राणीच्या पदरी आधीपासून ज्या दासी होत्या, त्यांचं काय? शहर जळालं, त्यांचा मालक बदलला. त्यांच्यावर कोण शोकांतिका लिहिणार?

क्लायटेमनेस्ट्राची गोष्टही तशीच. नवऱ्याने, अगमेम्नॉनने, जहाजांना वारा मिळावा म्हणून पोटच्या पोरीचा, इफिजनियाचा बळी दिला. दहा वर्षांनी तो परतला तेव्हा हिने त्याला मारलं. आजच्या लेखिकांना ती जवळची वाटते, आम्हालाही वाटते. पण त्याच दिवशी तिने कॅसँड्रालाही मारलं. कॅसँड्रा ट्रॉयची राजकन्या असली तरी त्या दिवशी अगमेम्नॉनने लुटून आणलेली दासी होती. स्वतःहून आली नव्हती. मारण्याआधी क्लायटेमनेस्ट्रा तिची समजूत काढते, ती एस्किलसच्या नाटकात आहे: गुलामी नशिबी आलीच तर जुन्या श्रीमंत घरात आलेली बरी, नवश्रीमंत फार छळतात. आम्ही हे विहारात सांगितलं तेव्हा बाया एकमेकींकडे बघून हसल्या. “खानदानी लोक आहोत आम्ही, आमच्याकडे त्रास नाही” हे वाक्य नव्या कामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीने ऐकलेलं आहे.

याच नाट्यत्रयीच्या शेवटी, इसवी सनपूर्व ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर खटला चालला. मुलाने आईला मारलं, तो दोषी की नाही? अपोलो देव बचावासाठी उभा राहतो आणि म्हणतो, आई ही मुलाची जन्मदातीच नव्हे. बीज पुरुषाचं, ती फक्त ते सांभाळणारी. मनुस्मृतीचा नववा अध्याय माहीत असणाऱ्यांना यापुढे काही सांगायला नको. स्त्री क्षेत्र, पुरुष बीज. भूमध्य समुद्राच्या काठावर आणि आपल्याकडे, दोन्हीकडे बाईचं मूल तिच्याकडून काढून घ्यायला शेतीचीच उपमा सापडली. अपोलोचा साक्षीपुरावा कोण? अथीना, बापाच्या डोक्यातून जन्मलेली, आई नसलेली. तिचं मत मुलाच्या बाजूने पडतं. तीच अथीना मेड्युसाच्या गोष्टीत आहे. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या कथेत समुद्रदेव मेड्युसावर देवीच्या देवळात बलात्कार करतो, आणि देवी शिक्षा देते मेड्युसाला, केसांचे साप करून. २०२० साली न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोर लुचियानो गार्बाती या शिल्पकाराचा पुतळा काही काळ उभा होता. त्यात मेड्युसाच्या हातात पर्सियसचं मुंडकं आहे. बदला म्हणून ते चित्र खूप फिरलं. पण बलात्कार पर्सियसने केलेला नव्हता, समुद्रदेवाने केला होता. देव पुन्हा सुटला.

या सगळ्यांत मार्गारेट अ‍ॅटवूड वेगळी पडते. तिची ‘पेनेलोपियाड’ २००५ सालची, म्हणजे ही लाट येण्याच्या पुष्कळ आधीची. त्या फाशी गेलेल्या दासी आपल्याला सतत छळत राहिल्या, असं तिने प्रस्तावनेतच सांगितलं आहे. पुस्तकात पेनेलोपी मेल्यानंतर पाताळातून आपली बाजू मांडते, आणि मध्येमध्ये त्या बारा जणी येऊन गातात, नाचतात, टोमणे मारतात. पेनेलोपी कबूल करते, की त्या पुरुषांत मिसळा, खबर काढा, हे मीच त्यांना सांगितलं होतं. आणि ही गोष्ट तिने युरिक्लियाला सांगितली नव्हती. एका प्रकरणात चक्क आजच्या न्यायालयात ओडिसियसवर खटला चालतो. बलात्कार ‘परवानगीशिवाय’ झाला या मुद्द्यावर न्यायाधीश गोंधळतो. तेव्हा त्याला सांगितलं जातं, की परवानगी म्हणजे मालकाची. शेवटी न्यायाधीश खटला काढून टाकतो, तो काळच वेगळा होता म्हणून. नावं मात्र अ‍ॅटवूडही सगळ्यांना देत नाही. एमिली विल्सनने २०१७ मध्ये ओडिसीचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा तिने इतरांनी ‘मोलकरणी’ म्हटलेल्या या बायांना सरळ ‘गुलाम’ म्हटलं. काही जुन्या भाषांतरकारांनी टेलिमाकसच्या तोंडी या बायांसाठी वेश्येच्या अर्थाच्या शिव्या घातल्या होत्या. मूळ ग्रीकमध्ये त्या शिव्या नाहीत. म्हणजे फाशी होमरने दिली, शिव्या भाषांतरकारांनी घातल्या.

‘तो काळच वेगळा होता’ हे आम्हाला चांगलं ओळखीचं आहे. मनूबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिलं उत्तर हेच येतं. काळ वेगळा होता हे खरंच. पण ओडिसियस स्वतः ‘जबरदस्ती’ हा शब्द वापरतो, तेव्हा निदान एवढं तरी उघड होतं, की त्या काळालाही ती जबरदस्ती दिसत होती. फक्त तिचा निवाडा दासीच्या बाजूने करायची गरज त्याला वाटत नव्हती.

आमच्याच काही मित्रांचा आक्षेप निराळा. आपल्या घरात शंबूक आहे, शूर्पणखा आहे, अहल्या आहे. तुम्ही ग्रीसला कशाला निघालात? प्रश्न रास्त आहे. पण एक तर या कथा आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली इंग्रजीतून वाचतातच. दुसरं, ओडिसियसबद्दल काहीही बोला, कुणाच्या भावना दुखावत नाहीत. धूप-आरतीचा धूर नसला की कथेचं यंत्र कसं चालतं ते लख्ख दिसतं, आणि एकदा डोळा तयार झाला की तो कुठेही बघू शकतो. पुराणकथा खालच्या बाजूने सांगायला आम्हाला इंग्रजी कादंबऱ्यांनी शिकवलेलं नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार उलटे करून सांगितले, आणि ते पुस्तक अर्पण केलं निग्रोंना गुलामगिरीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आपली गुलामी समजून घ्यायला दुसऱ्याची गुलामी बघावी लागते हे त्यांना कळत होतं. आणि यवन म्हणाल, तर कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर यवन दात्यांची नावं आजही वाचता येतात.

नावांवरून आठवलं. पुढच्या रविवारी आम्ही थेरीगाथा काढली. त्यात पुण्णिका आहे, पाणी भरणारी दासी. अनाथपिंडिकाच्या घरातली, असं परंपरा सांगते. मालकिणींच्या माराच्या भीतीने ऐन थंडीत नदीत उतरावं लागायचं हे ती स्वतः सांगते. आणि त्याच पाण्यात पाप धुवायला कुडकुडत उतरलेल्या ब्राह्मणाला विचारते, पाण्याने पाप धुतलं जात असेल तर मासे आणि कासवं सगळी स्वर्गात जातील की नाही? मावशी या वेळी पुढे येऊन बसल्या होत्या. “हिचं नाव आहे,” एवढंच म्हणाल्या. संघातही सगळं समतेचं होतं असा दावा आम्ही करणार नाही, भिक्षुणींवरच्या आठ नियमांची चर्चा स्वतंत्र लेखात करू. पण दासीचं नाव, तिचं काम, तिची थंडी आणि तिचा युक्तिवाद जपून ठेवणारं वाङ्मय आमच्या परंपरेत आहे, हे आम्ही त्या रात्री नव्याने पाहिलं.

ओडिसीच्या त्या रविवारी सगळे उठल्यावर एक तरुण बाई चपला शोधत मागे रेंगाळली होती. ती हळूच म्हणाली, “राणी झोपलेली होती म्हणता ना? आमच्या मॅडमना पण काही ऐकू आलं नव्हतं.” मग तिने सगळं सांगितलं. ती ज्या घरी काम करायची तिथे मॅडमच्या नात्यातला एक पुरुष राहायला आला होता. दोनदा त्याने स्वयंपाकघरात तिला धरलं. तिसऱ्यांदा ती ओरडली. मॅडम शेजारच्या खोलीत होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी पगाराचं पाकीट हातात दिलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, हिला कुणी ठेवू नका. त्या ग्रुपमुळे तिची आणखी दोन कामं गेली.

२०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधी कायद्यात घरकामगार बाई येते, आणि जिथे ती काम करते ते घर हे कामाचं ठिकाण धरलं जातं. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. हे तिला माहीत नव्हतं. आम्ही अर्ज लिहायला बसलो. अर्जदाराचं नाव तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, दुसरीपर्यंत शिकलेली आहे, सावकाश लिहिते. प्रकरण अजून चालू आहे. आमच्या वस्तीतल्या आणखी तीन बाया त्याच सोसायटीत कामाला जातात, म्हणून तिचं नाव इथे छापू नका असं ती म्हणाली.